भात काढल्यावर ताटात काय उरतं

छत्तीसगडात दुर्गहून राजनांदगावकडे किंवा धमतरीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला राइस मिल दिसू लागतात. मिलमध्ये धानाच्या तीन वाटण्या होतात: तूस, कोंडा आणि तांदूळ. तूस बॉयलरमध्ये जळतं. तांदूळ गोदामात किंवा बाजारात जातो. कोंडा पोत्यांत भरून तेलाच्या कारखान्याची वाट धरतो, कारण त्याच्या वजनाच्या पंधरा ते वीस टक्के तेल असतं. वाण्याकडे राइस ब्रान म्हणून मिळतं ते हेच तेल. दाण्यातले बरेचसे तंतू, बहुतेक स्निग्धांश आणि बी गटातली पुष्कळ जीवनसत्त्वं या कोंड्याबरोबर निघून जातात. मागे राहतो तो पांढराशुभ्र तांदूळ. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं असतात, दोन-तीन ग्रॅम तंतू आणि स्निग्धांश जेमतेम अर्धा ग्रॅम.

छत्तीसगडला सगळे ‘धान का कटोरा’ म्हणतात. त्या कटोऱ्यातून तंतू आणि स्निग्ध या दोघांना गिरणीने आधीच बाहेर काढलेलं असतं. लो-कार्ब आहार धरणारा माणूस पुढे जाऊन उरलेला भातही काढतो. मग ताटात काय येतं, आणि यायला काय हवं, हे पाहू.

त्यासाठी भिलाई हे पोलाद कारखान्याचं गाव सोयीचं आहे. १९५५ साली कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशभरातून माणसं सेक्टरांच्या क्वार्टरांत येऊन राहिली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी घरंही पुष्कळ. (मराठी माणसाला हा मुलूख नवा नव्हताच. नागपूरकर बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ अशी जवळजवळ तीस वर्षं रतनपुरात बसून छत्तीसगडचा कारभार पाहिला.) या घरांत वरण-भात, पोळी, भाजी असं आपलं ताट टिकलं, आणि शेजारपाजाऱ्यांमुळे त्यात चीला, फरा, इडहर, जिमीकांदा हे छत्तीसगडी पदार्थही आले. पहिल्या पिढीने भट्टीपुढे घाम गाळला. तेव्हा डोंगराएवढा भात पचत होता. पुढच्या पिढ्या संगणकापुढे बसतात, तरी भाताचा डोंगर फारसा खचला नाही. साखर वाढली, पोट सुटलं, आणि मग एका सोमवारी घरात जाहीर होतं: आजपासून कार्ब बंद.

कल्पना जुनीच आहे. लंडनच्या विल्यम बँटिंग या शवपेट्या बनवणाऱ्या गृहस्थांनी पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्माराच्या रुग्णांसाठी कीटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्ध भरपूर असलेला आहार सुचवला. १९७२ मध्ये ॲटकिन्सचं पुस्तक आलं आणि रोग्यांचा आहार पुन्हा बारीक होण्याचा आहार बनला. आपल्या दृष्टीने यापेक्षा कामाची आहे ती आयसीएमआर-इंडियाब ही मधुमेहाची देशव्यापी पाहणी. तिच्यानुसार भारतीय माणूस सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून घेतो. याच पाहणीतल्या १८,०९० प्रौढांच्या आहाराचं गणित २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. नुकताच मधुमेह निघालेल्या माणसाला त्यातून परत फिरायचं असेल तर कर्बोदकं ४९ ते ५४ टक्क्यांवर, प्रथिनं १९-२० टक्क्यांवर आणि स्निग्ध २१ ते २६ टक्क्यांवर आणावेत, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे भाताचं तोंड बघायचं नाही असं नाही. भात निम्मा करायचा, आणि मोकळ्या जागेत काय बसवायचं याचा विचार करायचा. अडचण आहे ती या दुसऱ्या कामात.

आपल्या ताटात भाजी तोंडी लावायला असते. ती भाताबरोबर, पोळीबरोबर जाते; नुसती भाजी खाणारा माणूस आपल्याला आजारी वाटतो. त्यामुळे भात आणि पोळी कमी केली की भाजीही आपोआप कमी होते, कारण ती कशाला लावून खायची? भाताबरोबर फारसे तंतू जात नाहीत, शिजलेल्या पांढऱ्या भातात ते होतेच किती! पण भाताच्या आधाराने पोटात जाणारी वाटीभर भाजी, वरण, कोशिंबीर हेही सगळं सुटतं आणि तिथे खरा तोटा होतो. रिकाम्या जागेत पनीर येतं, अंडी येतात, चहात लोणी घालण्याचे प्रयोग होतात. आठवड्याभरात पोट साफ होत नाही म्हणून इसबगोलाची पुडी येते. लो-कार्बवाल्यांची बद्धकोष्ठाची तक्रार जितकी नेमाने ऐकू येते तितकी वजन उतरल्याची बातमीही येत नाही.

छत्तीसगडी माणसाकडून इथे एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. गावाकडे दोन बाया भेटल्या की पहिला प्रश्न असतो, ‘का साग रांधे हस ओ?’ म्हणजे, भाजी कोणती केलीस गं? भात तर होणारच, तो कोण विचारणार! विचारायचं ते भाजीचं. आणि भाज्याही किती! इथल्या लोकांच्या तोंडी ‘छत्तीस भाजी’ असा शब्द आहे. खरी संख्या छत्तीसच्या पुष्कळ वर जाईल. भिलाईत सुपेल्याच्या किंवा पॉवर हाउसच्या बाजारात बाया जमिनीवर पोतं अंथरून बसतात, त्यांच्यापुढचे ढीग मराठी गृहिणीने नीट पाहावेत. बरेचसे तिच्या ओळखीचे निघतील. लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ. अमारी म्हणजे अंबाडी. चरोटा म्हणजे टाकळा. बर्रे म्हणजे करडईचा पाला. कोचईची पानं म्हणजे अळू, आणि मुनगा म्हणजे शेवगा. चेच भाजी ही आपली चुंच, शिजली की बुळबुळीत होते. बोहार म्हणजे भोकराच्या कळ्या आणि कोवळा पाला. वसंतात थोडेच दिवस येते आणि भाव ऐकून मागे सरकावं लागतं. कांदा भाजी मागितली तर रताळ्याचा पाला मिळेल. थंडीत तिवऱ्याचे (म्हणजे लाखोळीचे) आणि हरभऱ्याचे कोवळे शेंडे येतात.

या पाल्यांत कर्बोदकं नगण्य आणि तंतू भरपूर. शंभर ग्रॅम कच्च्या वजनामागे पालकात अडीच ग्रॅमच्या आत तंतू असतात, माठात साडेचारच्या आसपास, मेथीत पाचच्या जवळ, आणि शेवग्याच्या पाल्यात तर आठ. पचणारी कर्बोदकं बहुतेक पाल्यांत दोन-तीन ग्रॅमच असतात. क्वार्टरच्या परसात मुनग्याचं झाड असताना केल आणि ब्रोकोली शोधत फिरणं मला तरी समजत नाही.

आता तेलाकडे. लाल भाजीची जुडी घ्या. मुळं काढा, तीन पाण्यांतून धुवा. तिसऱ्या पाण्यालाही गुलाबी छटा राहते. शिजवली की भाजीचं पाणी गर्द लाल होतं आणि भातावर घेतलं तर भातही. पुष्कळांना वाटतं, सगळं सत्त्व या लालीत आहे. ही लाली पाण्यात विरघळते. तिचा अ जीवनसत्त्वाशी संबंध नाही. अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते बीटा-कॅरोटिन याच पानात असतं, पण पाण्यात उतरत नाही. ते कसं बाहेर येतं हे पाहायचं तर गाजर घ्या. पाण्यात उकडलं तर पाणी जवळजवळ तसंच राहतं. तुपात परतलं की तूप केशरी होतं. पोटातही हेच घडतं. जेवणात स्निग्ध असलं की पित्ताशय आकुंचन पावतं, आतड्यात पित्त येतं, तेलाचे बारीक थेंब होतात आणि त्या थेंबांत बसून कॅरोटिन, ई आणि के जीवनसत्त्वं आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. तेलच नसलं तर पानातलं कॅरोटिन बरंचसं जसं आलं तसं निघून जातं.

किती तेल लागतं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी १९८० मध्ये लहान मुलांना पालक देऊन पाहिला. पालकासोबत पाच ग्रॅम स्निग्ध दिलं तरी शोषण चांगलं सुधारलं. पाच ग्रॅम म्हणजे लहान चमचाभर तेल. २००४ मध्ये अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात कच्च्या सॅलडवर असाच प्रयोग झाला. बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटिन रक्तात जवळपास आलंच नाही, सहा ग्रॅम तेल घातल्यावर आलं, आणि अठ्ठावीस ग्रॅमवर त्याहून जास्त आलं. कच्च्या, कडक पानाला जास्त तेल लागतं. चिरून शिजवलेल्या पानाच्या पेशी फुटलेल्या असतात, तिथे थोड्यात भागतं. आपली लसूण-मिरचीची फोडणी या कामाला पुरून उरते. बिनतेलाची उकडलेली भाजी खाऊन पुण्य मिळत असेल तर मिळो, कॅरोटिन फारसं मिळत नाही.

पण इथेच दुसऱ्या बाजूचा घोटाळा सुरू होतो. भाजीला तेल हवं हे कळलं की लो-कार्बवाला बाटली उलटी करतो, कारण त्याला सांगितलेलं असतं की स्निग्ध कितीही चालेल. एका मोठ्या चमच्यात चौदा ग्रॅम तेल बसतं आणि त्याच्या १२० च्या वर कॅलरी होतात. कर्बोदकाच्या किंवा प्रथिनाच्या ग्रॅममागे चार कॅलरी, स्निग्धाच्या ग्रॅममागे नऊ. हे गणित इन्सुलिनची भाषा बोलल्याने बदलत नाही. दोन ताटं शेजारी ठेवून पाहा.

पहिलं ताट आजकाल घरोघर दिसतं: दोनशे ग्रॅम पनीर, तीन मोठे चमचे तेलात केलेली घट्ट ग्रेव्ही आणि काकडीच्या चार चकत्या. कर्बोदकं कमी आहेत खरी, पण स्निग्ध ऐंशी ग्रॅमच्या घरात गेलं. म्हणजे नुसत्या तेला-पनीरातून सातशेच्या वर कॅलरी, आणि तंतू दोन-तीन ग्रॅम.

दुसऱ्या ताटात पाव किलोतली लाल भाजी. कढईत घालताना डोंगर दिसतो, शिजून एक वाटी होते. निवडल्यावर दोनशे ग्रॅम धरू. शेजारी दीडशे ग्रॅम वांग्याचं भरीत, दोन अंडी, वाटीभर दही, चमचाभर जवसाची चटणी आणि चाळीस ग्रॅम पिठाची ज्वारीची लहान भाकरी. भाजी आणि भरीत मिळून दोन लहान चमचे तेल. तंतू वीस ग्रॅमच्या वर गेले, स्निग्ध तीस ग्रॅमच्या आसपास राहिलं, कर्बोदकं चाळीस-पंचेचाळीस. भाकरीही नको असेल तर कर्बोदकं पंधरा-वीसवर येतात आणि तंतू फारसे कमी होत नाहीत. एकूण कॅलरी सहाशेच्या आत-बाहेर, आणि पोट इतकं भरतं की संध्याकाळी ठेठरी-खुरमीच्या फराळाच्या डब्याकडे हात जात नाही. तंतूंनी पोटात जागा धरलेली असते, आणि स्निग्धामुळे जठर सावकाश रिकामं होतं. दोघं एकत्र असले की हा परिणाम जास्त टिकतो.

राष्ट्रीय पोषण संस्थेचा निकष दोन हजार कॅलरींमागे तीस ग्रॅम तंतूंचा आहे. दुसऱ्या ताटाने त्यातले दोन-तृतीयांश एका जेवणात आणले. आतड्यात हे तंतू दोन कामं करतात. चुंच, भेंडी, जवस यांतला बुळबुळीत, पाण्यात फुगणारा भाग पित्ताला धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. तेला-तुपाचं प्रमाण वाढवलेल्या माणसाला याची गरज इतरांपेक्षा जास्त. दुसरं काम मोठ्या आतड्यातलं: तिथले जिवाणू हे तंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यांवर जगतात. गंमत अशी की ही आम्लंही स्निग्धाम्लंच आहेत. म्हणजे भाजीच्या काड्यांतून शरीर थोडंसं स्निग्ध स्वतः करून घेतं.

तंतू आणि स्निग्ध एकाच दाण्यात हवे असतील तर जवसाला तोड नाही. शंभर ग्रॅम जवसात चाळीसच्या वर ग्रॅम तेल आणि पंचवीसच्या वर ग्रॅम तंतू, आणि तेलात ओमेगा-३ भरपूर. छत्तीसगडात त्याला अलसी म्हणतात. धान शेतात उभं असतानाच, जमिनीत ओल आहे तोवर, तिवरा आणि अलसी फेकून पेरतात. धान कापलं की खाली दुसरं पीक उगवलेलं असतं. या पद्धतीला उतेरा म्हणतात. विदर्भातून आलेल्या घरांत जवसाची चटणी असतेच. फक्त ती भाजून कुटलेली हवी, कारण अख्खा जवस आतड्यातून अख्खाच निघतो. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं हेही याच रांगेतले. शेंगदाण्याचा कूट मात्र मुठीने नको, चमच्याने. तुपाबद्दल भांडणं फार झाली. माझं मत विचाराल तर फोडणीला चमचाभर तूप घ्या, वरून दुसरा चमचा नको. कीटोच्या नावाखाली तूप, लोणी आणि खोबरेल यांवरच ऊर्जेचा भार टाकला तर काही जणांचं एलडीएल कोलेस्टेरॉल बरंच चढतं. कोणाचं चढेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून सुरू करण्यापूर्वी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिपिड तपासावं.

पालेभाज्यांतही एक खोट आहे. पालक आणि माठ यांत ऑक्झलेट जास्त असतं आणि मूतखडा झालेल्याला ते त्रास देतं. छत्तीसगडी स्वयंपाकात कोचई, इडहर (अळूच्या पानांचा पदार्थ), जिमीकांदा (सुरण) हे सगळं मही घालून, म्हणजे आंबट ताकात, शिजवतात. कारण घशाची खाज सांगतात, पण ताकातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला पकडतं आणि ते मूत्रपिंडापर्यंत कमी पोचतं, हा फायदाही पदरात पडतो. ज्यांना खडे झालेत त्यांनी पालकाचा रस पिणं तर सोडूनच द्यावं.

भिलाईच्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करायला हवा. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो; झोतभट्टी किंवा कोक ओव्हनजवळ पाळी असेल तर बोलायलाच नको. कर्बोदकं एकदम तोडली की यकृतात आणि स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजन संपतं, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो तो बहुतेक याच पाण्याचा. शिवाय इन्सुलिन उतरल्याने मूत्रपिंडं मीठही जास्त टाकतात. डोकं दुखणं, पाय वळणं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं हे याचंच. अशा हवामानातल्या श्रमिकाने पाण्यात भिजवलेला भात, मीठ, कांदा आणि भाजी असा बोरे-बासीचा नाश्ता पिढ्यान्‌पिढ्या केला तो उगाच नाही. १ मे २०२२ ला मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी कामगार दिनाला बोरे-बासी खाण्याचं आवाहन केलं, तेव्हा अधिकाऱ्यांनीही टेबलावर बासी मांडून फोटो काढले. रात्रभर गार राहिलेल्या भातात थोडं स्टार्च न पचणारं होतं हे खरं. पण त्या ‘थोडं’वर भिस्त ठेवून बासीला लो-कार्ब म्हणू नये. ती उन्हावरचं औषध आहे, मधुमेहावरचं नाही. उन्हात काम करणाऱ्याने भात तोडला असेल तर त्यातलं पाणी आणि मीठ तरी ताकातून परत घ्यावं. रक्तदाबाच्या रुग्णाने किती मीठ, हे मात्र डॉक्टरांना विचारून.

काही माणसांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरूच करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर भात सुटताच साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस आधी कमी करावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्याने कर्बोदकं फार खाली नेली तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन-आम्ल साचू शकतं, आणि ते जिवावर बेततं. वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी अचानक तिप्पट केली तर के जीवनसत्त्वामुळे गोळीचा असर उतरतो. छत्तीसगडात आणि विदर्भातही सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. त्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी होणं म्हणजे वेदनेचा झटका ओढवून घेणं. मूत्रपिंडाचा आजार आणि गर्भारपण हेही याच यादीत.

बाकीच्यांसाठी सूचना एवढीच की तंतू एका दिवसात दुप्पट करू नका. वायू धरतो, पोट फुगतं आणि माणूस भाजीलाच दोष देऊन मोकळा होतो. दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या, पाणी वाढवा. भाजी जेवणाच्या सुरुवातीला, नुसती, चमच्याने खा. भात असलाच तर शेवटी. पिठलं, झुणका, पीठ पेरलेली भाजी हे प्रकार बेसनामुळे कर्बोदकांत थोडे चढे असतात, पण बेसनातून प्रथिनं आणि तंतूही येतात, त्यांना घाबरू नका. तेलासाठी फोडणीचा चमचा ठरवून टाका आणि महिन्याला घरात किती तेल आलं ते माणसांनी भागा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे, म्हणजे महिन्याला आठशे ग्रॅमच्या आसपास. कर्बोदकं कमी करणाऱ्याला याहून थोडं जास्त चालेल, पण ते दाण्यांतून, जवसातून, अंड्यांतून यावं.

त्याच मार्गदर्शिकेत भाजी आहे माणशी चारशे ग्रॅम, त्यात शंभर ग्रॅम पालेभाजी. चार माणसांच्या घराला रोज एक किलो सहाशे ग्रॅम. भात कमी करण्याआधी या आठवड्यात आपल्या घरात भाजीची पिशवी किती किलोची येते, ते एकदा तोलून पाहा.